रथी, अतिरथी, अर्धरथ : लढाऊ खेळांतील पात्रांची प्रतवारी आणि तिचा पूर्वेतिहास

१

दोन पात्रांना समोरासमोर उभे करून लढवणारा पडद्यावरचा खेळ हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकतो, हे मान्य करण्यास मराठी समीक्षा अजून फारशी राजी नाही. असे खेळ खेळणाऱ्यांनी मात्र गेल्या तीन दशकांत पात्रविचाराची एक परिभाषाच घडवली आहे, आणि ती समीक्षकांना विचारून घडवलेली नाही. खेळात निवडता येणाऱ्या सर्व पात्रांची सामर्थ्यानुसार उतरंड लावायची, सर्वांत वरच्या पायरीला 'एस' हे अक्षर द्यायचे, त्याखाली 'ए', 'बी', 'सी' असे उतरत जायचे, आणि मग त्या उतरंडीवर अखंड वाद घालायचा, ही 'टिअर लिस्ट' नावाची प्रथा होय. तिला मराठीत प्रतवारी म्हणण्यास हरकत नसावी. तिच्या जोडीने येणारी दुसरी संकल्पना समतोलाची आहे. पात्रे परस्परांहून खरोखर भिन्न असावीत, आणि तरीही कोणतेही पात्र निवडले तर जिंकण्याची वाजवी शक्यता उरावी, अशी खेळ रचणाऱ्याकडून अपेक्षा असते. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात; सर्व पात्रे सारखी केली तरच समतोल निर्दोष होतो, पण मग पात्रे उरत नाहीत.

प्रतवारी म्हणजे हा समतोल कोठे बिघडला याची केवळ नोंद, असे वरवर वाटते. वस्तुतः ती लढतीच्या बाहेर राहत नाही. ती लढतीत शिरते, निवडी बदलते, कोणाचे धैर्य खच्ची करते. म्हणून ती कोणी लावली, कोणत्या नियमांच्या आधारे लावली आणि कशासाठी लावली, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. हे दाखवणारी एक फार जुनी संहिता मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी खेळांचा अलीकडचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

२

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ मध्ये आला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्यात निवडता येणारे लढवय्ये आठ होते. झँगीफ हा धिप्पाड रशियन पहिलवान जवळ पोहोचला तर भयंकर, पण जवळ पोहोचणे हीच त्याची अडचण, गाईल हा अमेरिकन सैनिक दुरून मारा करीत वाट पाहणारा, चुन-ली चपळ. धालसिम हा भारतीय योगी हातपाय लांबवून दुरूनच प्रहार करणारा, तोंडातून अग्नी सोडणारा आणि गळ्यात कवट्यांची माळ घालणारा. (भारताचे प्रतिनिधित्व करायला हेच का सुचावे, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.) या पहिल्या आवृत्तीत दोन खेळाडूंना एकच पात्र निवडता येत नसे. ही अट वरकरणी किरकोळ आहे. पण तिच्यामुळे बलवान पात्र आधी कोण पटकावतो हाच लढतीचा पहिला डाव ठरला, आणि कोणते पात्र बलवान याची चर्चा अपरिहार्य झाली.

पुढल्या तीन वर्षांत, १९९४ पर्यंत, याच खेळाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. १९९२ च्या आवृत्तीत एकच पात्र दोघांनी घेण्याची मुभा मिळाली आणि पूर्वी केवळ यंत्राकडे असलेले चार प्रतिस्पर्धीही निवडीला खुले झाले. प्रत्येक आवृत्तीत कोणाचा प्रहार सौम्य झाला, कोणाची चाल वेगवान झाली. ज्याला संहितेच्या पाठभेदांची सवय आहे त्याला हा इतिहास अपरिचित वाटणार नाही. इतकेच नव्हे, तर यात प्रक्षेपही आहेत. अनधिकृतपणे फेरफार केलेल्या, अफाट वेगाच्या प्रती बाजारात फिरू लागल्या, आणि त्यांच्या लोकप्रियतेला उत्तर म्हणून कंपनीने १९९२ च्या अखेरीस स्वतःच अधिक वेगवान आवृत्ती काढली. प्रक्षिप्त पाठ अधिकृत संहितेत शिरण्याची ही क्रिया पोथ्यांच्या इतिहासात शतके घेते. येथे काही महिने पुरले. एकामागोमाग न तुटता प्रहार करण्याची जी करामत पुढे या खेळप्रकाराचा कणा ठरली, तीही मूळ रचनेत योजलेली नव्हती. चाचणीत आढळली आणि राहू दिली गेली.

१९९४ च्या आवृत्तीत अकुमा नावाचे एक गुप्त पात्र ठेवले होते. ते इतके प्रबळ होते की अमेरिकेतील स्पर्धांत खेळाडूंनी त्याच्यावर बंदी घातली, आणि जपानमध्ये ते न निवडण्याचा संकेत रुजला. रचनाकाराने दिलेले पात्र खेळणाऱ्यांच्या समुदायाने नाकारावे, ही घटना वाचककेंद्री समीक्षेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. अर्थ ठरवण्याचा अधिकार वाचकाकडे गेला, असे आपण बरेचदा म्हणतो. येथे नियम ठरवण्याचा अधिकार गेला. याउलट २००० मधील 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू' मध्ये छप्पन्न पात्रे असूनही वरिष्ठ स्पर्धांत मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल यांचाच राबता राहिला, आणि तरीही खेळणाऱ्यांनी कोणाला वगळले नाही. उरलेली पन्नासएक पात्रे जवळजवळ देखाव्यापुरती उरली. वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रमाणाकडे पाहून फार हसू नये.

भारतातील एक उदाहरण याहून बोलके आहे. 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा कॅपकॉमचा १९९३ चा खेळ द्वंद्वाचा नाही. त्यात खेळाडू एकत्र येऊन शत्रूंच्या झुंडींशी लढतात. पात्रे चार : सर्व बाबतींत मध्यम असा जॅक, कौशल्यावर भर असलेली हॅना, वेगवान मुस्तफा आणि बलदंड मेस. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत या खेळाचे नाव कोणी घेत नसे. खेळाचेच नाव 'मुस्तफा' पडले. छापील यादी नाही, अक्षरांच्या पायऱ्या नाहीत. नाणे टाकणाऱ्या मुलांनी प्रतवारी केली ती नामकरणाने. नायक म्हणून रचनेत पुढे ठेवलेला जॅक मागे पडला आणि एका साहाय्यक पात्राने सगळी कृती आपल्या नावे करून घेतली. आज भिवंडीजवळच्या कशेळीतल्या मुलाच्या हाती पडणारी प्रतवारी आणि ओसाकातल्या खेळाडूच्या हाती पडणारी प्रतवारी एकच असते. 'मुस्तफा' सारखे स्थानिक, तोंडी आणि हट्टी मूल्यमापन त्यामुळे आता दुर्मीळ झाले आहे.

३

महाभारताच्या उद्योगपर्वात रथातिरथसंख्यान नावाचे एक उपपर्व आहे. शिष्टाई फसली आहे, सैन्ये निघाली आहेत, भीष्म सेनापती झाला आहे. दुर्योधन त्याला विचारतो : आपल्या आणि शत्रूच्या पक्षात रथी कोण, अतिरथी कोण? भीष्म एकेकाचे नाव घेऊन दर्जा सांगत जातो. कृतवर्मा अतिरथी, शल्य अतिरथी, शकुनी एक रथी, जयद्रथ दोन रथींच्या बरोबरीचा. पांडवपक्षात भीम आठ रथींच्या तोडीचा, द्रौपदीचे पाचही पुत्र महारथी, धृष्टद्युम्न अतिरथी; आणि अर्जुनासारखा दोन्ही सैन्यांत कोणी नाही. स्वतःचा दर्जा तो सांगत नाही; आपले गुण आपण सांगू नयेत, तू मला जाणतोस, एवढेच म्हणतो. प्रतवारी लावणारा प्रतवारीच्या बाहेर राहतो.

या यादीचे मोजमाप एकसूत्री नाही, ही गोष्ट अभ्यासकाने प्रथम ध्यानात घ्यावी. काही ठिकाणी दर्जाची नावे आहेत, काही ठिकाणी पटींचे आकडे आहेत. उत्तरकालीन टीकाकारांनी व्याख्या बसवून दिल्या : एकाशी लढतो तो रथी, दहा हजार धनुर्धरांशी लढतो तो महारथी, अगणितांशी लढतो तो अतिरथी, आणि रथीहूनही उणा तो अर्धरथ. या व्याख्या नीटस आहेत, पण भीष्माच्या बोलण्यात इतका नीटसपणा नाही. मराठीत तर ही चढण पुसूनच गेली. 'सगळे अतिरथी-महारथी जमले होते' असे आपण म्हणतो तेव्हा कोण वर आणि कोण खाली याची बोलणाऱ्याला शुद्ध नसते. बहुधा महारथीच वरचा वाटतो. दर्जे गेले, दबदबा उरला.

अश्वत्थाम्याविषयी भीष्म जे म्हणतो ते तर कोणत्याही गणितात बसणारे नाही. त्याच्या तोडीचा धनुर्धर नाही, पण त्याच्यात एक मोठा दोष आहे : त्याला जीव फार प्रिय आहे. म्हणून भीष्म त्याला ना रथी मानतो ना अतिरथी. सामर्थ्य मोजता मोजता यादी अकस्मात स्वभावाकडे वळते. नाट्यशास्त्रात पात्रांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे प्रकृतिभेद सांगितले आहेत, तेथे शीलाची प्रतवारी अपेक्षितच असते. येथे मात्र ती युद्धबळाच्या हिशेबात मिसळली आहे.

मग कर्णाचे नाव येते. भीष्म म्हणतो, हा रथीही नव्हे, अतिरथीही नव्हे. जन्मजात कवच गेले, कुंडले गेली, परशुरामाचा शाप लागला, हा अर्धरथ. द्रोण दुजोरा देतो : प्रत्येक रणात हा बढाई मारतो आणि प्रत्येक रणातून माघारी फिरताना दिसतो. येथे घाई करून हा निव्वळ कुळाचा आकस आहे असे म्हणणे सोपे आहे आणि मराठी वाचकाला ते प्रियही आहे. पण संहिता तसे म्हणू देत नाही. घोषयात्रेत गंधर्वांपुढे कर्णाला रण सोडावे लागले होते, विराटाच्या गोग्रहणात अर्जुनापुढे तो हरला होता. द्रोणाच्या बोलण्याला आधार आहे. शिवाय याच यादीत कर्णाचा पुत्र वृषसेन याला भीष्म महारथी म्हणतो. केवळ सूतकुळ आड येत असते तर पुत्र वर आणि पिता खाली असे झाले नसते.

कर्णाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. आपला दर्जा चुकला असे म्हणून तो थांबत नाही. दर्जे लावण्याच्या कृतीवरच तो बोट ठेवतो. स्वतःच्या लहरीने रथी-अतिरथी ठरवून हा म्हातारा सैन्यात भेद पाडतो आहे, आणि एकदा फुटलेले सैन्य सांधणे कठीण असते, हा त्याचा आरोप आहे. पिकलेल्या केसांनी महारथीपण येत नाही, असेही तो सुनावतो. भीष्म जिवंत असेतो आपण लढणार नाही, या त्याच्या निश्चयाने वादाचा शेवट होतो. सेनापतिपद घेतानाच भीष्माने 'आधी कर्ण लढेल किंवा मी' अशी अट घातली होती, त्यामुळे फूट आधीचीच. या यादीने ती सर्वांसमक्ष पक्की केली. परिणाम हिशेबात मांडता येतो : अठरा दिवसांच्या युद्धातले पहिले दहा दिवस कौरवांचा एक प्रमुख धनुर्धर रणाबाहेर. अर्धरथ म्हटल्याने तो दहा दिवस शून्यरथ झाला. प्रतवारी लढतीत शिरते ती अशी.

उद्योगपर्वाच्या अखेरीस आणखी एक यादी आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पांडवांचे सैन्य किती दिवसांत संपवाल, असे दुर्योधन आपल्या योद्ध्यांना विचारतो. भीष्म एक महिना सांगतो, द्रोणही एक महिना, कृप दोन महिने, अश्वत्थामा दहा दिवस, कर्ण पाच दिवस. भीष्म हसतो. पहिली यादी दुसऱ्याने लावलेली, ही प्रत्येकाने स्वतःची लावलेली. आणि दोन्हींत कर्णाचे स्थान नेमके उलट टोकांना आहे.

४

कर्णाला अर्धरथ ठरवताना भीष्माने दिलेली कारणे आजच्या खेळाडूंच्या भाषेत सांगायची तर सुधारित आवृत्तीची कारणे आहेत. मूळ पात्र अवध्य होते. वनपर्वात इंद्र ब्राह्मणवेषाने येऊन कवचकुंडले मागून नेतो आणि पात्राचे बळ उतरवले जाते. बदल्यात त्याला अमोघ शक्ती मिळते, पण ती एकदाच वापरता येणारी. युद्धाच्या चौदाव्या रात्री ती घटोत्कचावर खर्ची पडते. पांडव शोक करतात आणि कृष्ण आनंदित होतो, कारण अर्जुनासाठी राखलेले अस्त्र संपले. एका बाजूला देणे, दुसऱ्या बाजूला त्या देण्याला मर्यादा घालणे, हे समतोलाचे काम व्यासांनी इतक्या काटेकोरपणे केले आहे की नीतिकथेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही.

द्वंद्वाच्या खेळांत एकूण दर्जाहून जोडीचे गणित वेगळे असते. यादीत अव्वल असलेले पात्र एका विशिष्ट खालच्या पात्रापुढे हतबल ठरू शकते. जपानी खेळाडू म्हणून पात्रागणिक तक्ते करीत : या जोडीत दहापैकी सहा याचे, चार त्याचे. भीष्माची यादी संपते तीही अशाच एका जोडीवर. पांचालांचा शिखंडी समोर आला तर मी बाण उचलणार नाही, असे तो सांगतो, आणि का ते सांगण्यासाठी अंबेचे सारे उपाख्यान सुरू होते. प्रतवारीचा अधिकारी पुरुष प्रतवारीच्या समारोपालाच आपली हरण्याची जोड उघड करतो. शिखंडी यादीत फार वर नाही. पण दहाव्या दिवशी अर्जुन त्याच्याच आडून बाण सोडतो.

शरशय्येवरचा प्रसंग याच्या पुढचा. रात्री कर्ण एकटा भेटीस येतो. भीष्म रक्षकांना दूर करतो आणि सांगतो की तू राधेय नव्हेस, कौंतेय आहेस, हे मला ठाऊक होते. कुळात फूट पडेल या भयाने, आणि तुझे तेज कमी व्हावे म्हणून मी कठोर बोललो. धनुर्विद्येत, अस्त्रबळात, हातचलाखीत तू अर्जुनाच्या आणि कृष्णाच्याही बरोबरीचा आहेस. म्हणजे अर्धरथ हा दर्जा मोजमाप नव्हताच. तो तेजोवध होता. शल्यानेही युधिष्ठिराला हेच वचन दिले होते : कर्णाचा सारथी होऊन त्याचा तेजोवध करीन. यादी हेही एक शस्त्र आहे, ही कबुली ज्याने शस्त्र चालवले त्याच्याच तोंडून येते. मात्र ती खासगीत येते. दर्जा भर सभेत लागला आणि मागे घेतला गेला तो अंधारात, तिसरा कोणी ऐकत नसताना.

५

दर्जे असोत, पण ते एकाच दिशेने घट्ट नसोत, अशी व्यवस्था करणारे खेळही आपल्या परंपरेत आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची शहाण्णव पाने असत. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. पाने गोल, रंगवून लाखेचा थर दिलेली. या कलेला गेल्या शतकात उतरती कळा लागली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले.

खेळाचा नियम असा की राजा आणि प्रधान सर्वत्र वरचे. पण खालच्या पानांचा क्रम निम्म्या रंगांत दहापासून एकाकडे उतरतो आणि उरलेल्या निम्म्यांत एकापासून दहाकडे. मत्स्याच्या रंगात दश्शी प्रधानाखालोखाल, एक्का सर्वांत हलका. रामाच्या रंगात एक्का प्रधानाखालोखाल आणि दश्शी तळाला. तोच आकडा एका घरात बलवान, दुसऱ्या घरात दुबळा. सोस्यूरने भाषेतील मूल्य समजावताना बुद्धिबळाचा दाखला दिला होता : घोड्याचे मोल त्याच्या लाकडात नसते, पटावरील नात्यांत असते. बुद्धिबळात ती नाती निदान सगळ्या पटावर सारखी असतात; गंजिफ्यात रंग बदलला की नातीच उलटतात. शिवाय खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. अग्रमान प्रहरावर ठरतो.

आणि या खेळात एका अवताराचे पान दुसऱ्या अवताराचे पान मारीत नाही. हुकुमाचा रंग नाही; जी चढाओढ आहे ती त्या त्या रंगाच्या आत. पुराणात परशुराम आणि दाशरथी राम समोरासमोर येतात, पण पानांत येऊ शकत नाहीत. अवतारांची परस्परांत प्रतवारी लावायची नाही, हा भक्तीचा संकेत खेळाच्या यंत्रणेतच बसवलेला दिसतो. समतोल साधण्याचा हा एक मार्ग : ज्यांची तुलना नको त्यांची गाठच पडू द्यायची नाही.

तालमीचा मार्ग याच्या उलट. तेथे गाठ घालणे हेच कौशल्य. 'जोड लावणे' हा शब्दप्रयोग कुस्तीचा. आणि दोन्ही मल्ल तुल्यबळ असतील तर ती 'काटा जोड', कारण तराजूचा काटा मध्ये स्थिरावलेला असतो. लढाऊ खेळांच्या चर्चेत जे शब्द परकीय भाषेतून उसने घेतले जातात त्यांना हे तयार मराठी शब्द आहेत. जत्रेच्या आखाड्यात पंच दोघांना उभे करून अंगलट, उंची, वय नजरेने तोलतात आणि जोड मान्य करतात किंवा सोडवतात. वजनाचे गट तेथे कागदावर नसतात. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात. गटाची रेघ नसती तर त्या शरीरयष्टीचा दर्जा जगाने काय लावला असता, याचा विचार करावा. महाराष्ट्र केसरीच्या १९६१ पासूनच्या परंपरेत मुख्य किताबाचे आकर्षण मात्र खुल्या, भारी अंगाच्या मल्लांभोवतीच राहिले.

६

दर्जा बदलायला संहिता बदलावी लागते असे नाही. २००१ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या खेळाला नंतरच्या खेळांसारख्या सुधारणा मिळत राहिल्या नाहीत. दोन दशके लोक जवळपास तीच संहिता खेळत आहेत, आणि तरीही तिची प्रतवारी सतत हलत राहिली. योशी हे पात्र सुरुवातीच्या याद्यांत तळाकडे होते. जपानचा आम्सा या नावाने खेळणारा खेळाडू वर्षानुवर्षे तेच पात्र घेऊन बसला आणि २०२२ मध्ये त्याने एक मोठी स्पर्धा जिंकली. पात्रात नवीन काही घातले गेले नव्हते; जे होते ते कोणी वाचले नव्हते. खेळाडूंच्या बाबतीतही असेच घडते. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये 'टेकन सेव्हन' च्या जपानमधील आणि अमेरिकेतील अशा दोन्ही 'इव्हो' स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, तोवर पाकिस्तानचे खेळाडू कोणाच्या यादीत नव्हते. प्रवासाचे परवाने मिळणे कठीण, म्हणून गाठी पडत नव्हत्या. गाठी नाहीत म्हणून दर्जा नाही.

मराठीत कर्णाचे असेच झाले. मुक्तेश्वराच्या भारताची आज उपलब्ध असलेली पर्वे आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक. उद्योगपर्व त्यांत नाही, त्यामुळे अर्धरथाचा प्रसंग त्याने कसा हाताळला असता हे वाचायला मिळत नाही. मोरोपंतांनी आर्याभारतात सारी कथा आर्यांत बांधली. मोरोपंतांचा स्वतःचा दर्जाही पाहावा : परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीत' ने (१८५४) आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधांनी त्यांना जी उंची दिली, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोठे राहिली? आर्या त्याच आहेत. कविवर्य आणि केवळ पद्यकार यांच्यातील पायरी मराठी अध्यापनाने अभ्यासक्रमांच्या याद्यांतून हलवली, आणि त्या याद्या लावणारेही भीष्माप्रमाणे यादीच्या बाहेर राहिले.

कर्णाची चढण मात्र उलट्या दिशेची. शिरवाडकरांचे 'कौंतेय' १९५३ चे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. निवेदनाची ही रचना प्रतवारीच्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. ज्याला सभेत दुसऱ्याने दर्जा दिला त्याला प्रथमपुरुषी बोलण्याची सोय मिळाली, आणि सहांपैकी एकाही निवेदकाच्या जागी भीष्म नाही. रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची. विशेष असे की इरावती कर्व्यांचे 'युगान्त' हेही १९६७ चेच, आणि त्यात कर्णाची चिकित्सा होते, त्याचे पराभव विसरले जात नाहीत. एकाच वर्षी मराठीने कर्णाच्या दोन प्रती लावल्या. वाचकांनी कोणती उचलली ते 'मृत्युंजय' च्या आवृत्त्या सांगतात. त्या निवडीत सरसकट भावविवशता पाहणे अन्यायाचे होईल. शरशय्येवरची कबुली मूळ संहितेत होतीच, कादंबरीच्या वाचकाने ती अंधारातून सभेत आणली. मात्र हे करताना गंधर्वांपुढची माघार गळून गेली, आणि तेजोवध या शब्दातला राजकीय डाव केवळ दुःखात विरघळला, हे नुकसान लहान नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे 'मृत्युंजय' च्या आदल्याच वर्षी. उद्योगपर्वाचे संपादन सुशीलकुमार दे यांचे, आदिपर्वाचे वि. सी. सुखठणकर यांचे. उद्योगपर्वातील अर्धरथ मुख्य संहितेत टिकला. आदिपर्वात, स्वयंवरात कर्णाने धनुष्य उचलताच 'मी सूताला वरणार नाही' असे द्रौपदी म्हणते, ते वाक्य मात्र पुराव्याअभावी मुख्य पाठातून निघून तळाच्या पाठभेदांत गेले. कर्णावरचा कुळाचा आघात ज्या एका वाक्यात मराठी मनाला सर्वांत झोंबतो तेच वाक्य. कीर्तनकाराच्या, शाळेच्या आणि दूरदर्शन मालिकेच्या महाभारतात ते अजून पानाच्या वरच्या भागातच आहे.